भीतीचा पाठ

प्रतिभा निमगाव साव्याच्या बालवाडीत आली ती तीन महिन्यांच्या सरावासाठी. मूळची कळंबची, घराण्यात एवढी शिकलेली पहिलीच. पुण्यात बालशिक्षणाचं एम.ए. करत होती. पिशवीत रंगीत कागद आणि फेविकॉल, डोक्यात नुकतीच पाठ केलेली मोठमोठी वाक्यं. मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, पाठ पुस्तकातून नको, मुलांच्या अनुभवातून घ्या. पोरीने ते फारच मनावर घेतलं.

गावाभोवती ऊस आणि उसात बिबट्या. हे इथे कुणी बातमी म्हणून सांगत नाही. पण पोरं बिचारी दबलेली असायची. बालवाडीच्या मागे पाचोळा वाजला तरी हर्षाली नावाची चिमुरडी किंचाळून प्रतिभाच्या ओढणीत शिरायची. प्रतिभाने पाठ टाचणाच्या वहीत उद्दिष्ट लिहून टाकलं: मुलांच्या मनातली बिबट्याची भीती घालवणे.

उपाय सुचवला समर्थने. साडेचार वर्षांचा, काळासावळा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्याचे आईबाप, रत्ना आणि गोकुळ, आंबेगावच्या डोंगरातले. भात काढून झाला की कांद्याच्या कामाला खाली उतरायचे आणि उसाच्या कडेला ताडपत्रीची खोप करून राहायचे. समर्थ एकदा छाती काढून म्हणाला, "आमच्याकडं वाघबारसंला वाघच पळतो!" दिवाळीच्या तोंडावर तिकडे एक जण वाघ होतो आणि सगळा गाव आरडाओरडा करत त्याला रानात पिटाळतो, एवढं प्रतिभाने त्याच्याकडून काढून घेतलं. तिला हर्ष झाला. यापेक्षा मुलांच्या अनुभवातलं आणखी काय असणार?

तिने फरसाणाच्या खोक्याचा मुखवटा केला आणि स्वतःच वाघ झाली. फक्त एक बदल केला. सगळ्या गावाने मिळून ओरडायचं, ते तिने एकेका पोरावर आणलं. प्रत्येक मुलाला स्वतंत्र संधी, याला टाचणात वेगळे गुण होते. पोराने एकट्याने पुढे यायचं, पाय रोवून "हुर्र्योऽ" ओरडायचं, की बाई शेपूट घालून पळणार.

मदतनीस अंबाबाई खिचडी ढवळता ढवळता म्हणाली, "बाई, त्यो काय मांजर न्हाई. लई धीट करू नका पोरांना." प्रतिभा नुसती हसली. चार बुकं शिकलेलं माणूस न शिकलेल्याचं ऐकताना हसतं, तसं.

मॅडम पाठ बघायला आल्या तेव्हा समर्थ सगळ्यांत पुढे होता. हर्षालीसुद्धा ओरडली. मॅडमनी पैकीच्या पैकी गुण दिले. शेवटच्या रकान्यात, उद्दिष्ट साध्य झाले का, याखाली प्रतिभाने झोकात लिहिलं: हो. मुलांची भीती गेली. बक्षीस म्हणून मुखवटा तिने समर्थला घरी नेऊ दिला.

त्यानंतर महिन्याभराने, तिन्हीसांजेला, बिबट्याने समर्थला खोपीमागच्या बांधावरून उचललं. सकाळी तो उसात सापडला. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही आणि सांगूही नये.

प्रतिभा रोज बालवाडीत येत राहिली, हजेरी घेत राहिली. समर्थच्या नावाशी जीभ अडखळायची, मग पुढचं नाव. खोप तिथून हाकेच्या अंतरावर होती. आज जाते, उद्या जाते, असं तिचं चाललं होतं, पण पाय उचलत नव्हता. तिच्या पोटात एक प्रश्न होता आणि तो कुणाला विचारायची तिची छाती नव्हती.

दहाव्या दिवशी रत्नाच आली. पोरं घरी गेली होती. अंबाबाईने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. पदराखालून पुठ्ठ्याचा मुखवटा काढून तिने प्रतिभाच्या पुढ्यात ठेवला.

"आमी निघालो वर. ह्यो तुमचा हाय. दुसऱ्या पोरांना व्हईल."

"रत्नाताई, बसा ना."

रत्ना उंबऱ्यातच टेकली. "तुमचा लई लळा व्हता त्याला. बाई वाघ व्हत्यात आन् मी त्यान्ला पळवतो, दिसभर त्येच. रोज सांजंला बांधावर उभं ऱ्हाऊन वरडायचा. हुर्र्यो, हुर्र्यो. त्या दिशी बी वरडला. मी भाकरी थापत व्हते. म्हणलं, खेळतंय. मी उठलेच न्हाई, बाई. आईनं उठायला नगं व्हतं का?"

दहा दिवस प्रतिभा ज्या प्रश्नाला घाबरत होती, त्याचं उत्तर तिला असं मिळालं. गप्प बसली असती तर रत्ना ते ओझं स्वतःच्याच डोक्यावर घेऊन डोंगर चढली असती. तेवढं पाप प्रतिभाच्याने झालं नाही.

"ताई, चूक तुमची नाही," ती म्हणाली. "एकट्याने वाघापुढे उभं राहायला मी शिकवलं त्याला. वाघ पळतो, हे मीच खरं करून दाखवलं."

अंबाबाई भांडं घासायची थांबली.

"एकट्यानं?" रत्ना हळूच म्हणाली. "आमच्यात एकटं कुणीच जात न्हाई वाघाम्होरं. सारा गाव आसतो. म्हणून तर त्यो पळतो."

प्रतिभा रडायला लागली. रत्ना रडली नाही, तिने शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पदर खोचला आणि दारातून वळून म्हणाली, "त्याचं भ्या तुमी घालवलं. आता ह्या बाकीच्या लेकरांच्या पोटात त्ये परत घाला, बाई. मग जावा पुण्याला."

दुसऱ्या दिवशी प्रतिभाने मुखवटा बांधला. पोरं टाळ्या पिटत उभी राहिली. पहिली पाळी हर्षालीची. पाय रोवून ती ओरडली, "हुर्र्योऽ!"

वाघ पळाला नाही. एक एक पाऊल पुढे येत राहिला. हर्षाली हसली, पुन्हा ओरडली, मग तिचं हसू ओसरलं. वाघाने तिचा दंड घट्ट धरला तेव्हा तिने टाहो फोडला आणि फ्रॉक ओला केला. मागची पोरं एकमेकांना बिलगली, भिंतीला चिकटली. "एकटं जायचं नाही!" वाघ मुखवट्यातून ओरडत होता आणि त्याचाही आवाज रडका होता. "कधीच नाही! मोठ्या माणसाला हाक मारायची! कुणाला मारायची?" पोरं हुंदके देत आई म्हणाली, बाबा म्हणाली. बाई कुणीच म्हणालं नाही. प्रतिभाने मुखवटा काढून हर्षालीला जवळ घ्यायला हात पुढे केले, तर ती अंगाला झटका देऊन अंबाबाईकडे पळाली.

या पाठाला गुण नव्हते, बघायला मॅडमही नव्हत्या. तरी दुपारी प्रतिभाने वही उघडली. उद्दिष्ट साध्य झाले का, या रकान्यात तिने लिहिलं: हो. मुलं वाघाला घाबरली. मलाही.