भावोजींच्या गाडीचा भाव

आमचे भावोजी दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात वाद होत नाहीत, कारण वाद घालायला तोंड लागतं आणि समोरच्याचं तोंड भावोजींच्या ताब्यात असतं. पेशंटच्या गालात कापसाचा बोळा आणि जिभेखाली लाळ ओढणारी नळी गेली, की भावोजी त्याला जगातल्या कुठल्याही विषयावर आपलं मत ऐकवतात. तो घशातून जो काही आवाज काढेल, तो होकार. वीस वर्षं अशी काढल्यावर आपण कधी चुकतच नाही असं माणसाला वाटायला लागतं, त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

पूर्वी विषय बदलते असायचे. मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात गिअरचं खूळ शिरलं.

त्यांच्याकडे चंदेरी रंगाची ऑटोमॅटिक गाडी होती. सात वर्षं वापरलेली, पण अंगावर एक ओरखडा नाही. भावोजींपेक्षा ती माझी ताईच जास्त चालवायची. ताई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे, सकाळी सातला हजर व्हावं लागतं. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला क्लच दाबणं जमत नाही, म्हणून तर मुळात ऑटोमॅटिक घेतली होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भावोजींनाही.

पण दर रविवारी सकाळी पेट्रोल पंपाशेजारच्या चहाच्या टपरीवर सात-आठ गृहस्थ जमायचे, आणि भावोजी त्यांच्यात जायला लागले. हे सगळे हाताने गिअर बदलणाऱ्या गाड्यांचे भक्त. त्यांच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. कप्तान आयुष्यात कधी जहाजावर चढले नव्हते, ते विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. त्यांचं म्हणणं, ऑटोमॅटिक गाडी म्हणजे चाकं लावलेला सोफा. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सगळ्यांनी भावोजींच्या गाडीकडे पाहिलं. भावोजी घरी आले ते कान लाल करूनच.

पुढच्या आठवड्यात ते गाडी घेऊन वस्तादच्या गॅरेजमध्ये गेले. मी बरोबर होतो.

"काय बिघडलंय?" वस्तादनं विचारलं.

"काही नाही."

"मग आणलीत कशाला?"

भावोजींनी सांगितलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढायचा, भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतला मॅन्युअल आणून बसवायचा, क्लचचं पेडल लावायचं. वस्तादनं बॉनेटवर तळहात ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"करून देईन. पण विकताना रडाल, डॉक्टर."

"विकायचीय कुणाला? आणि विकलीच, तर दर्दी माणूस दुप्पट मोजेल. काय रे?" हे मला.

मी मान डोलावली. माझ्या दाढेचं रूट कॅनल अर्ध्यावर होतं आणि भावोजी ते फुकट करत होते.

"दर्दी माझ्याकडे रोज येतात," वस्ताद म्हणाला, "बॉनेट उघडून बघतात, चहा पितात, जातात. जुना बॉक्स तरी घरी नेऊन ठेवा. जपून."

"मला त्याचं तोंडही बघायचं नाही. तुम्हीच ठेवा."

वस्तादनं मजुरीतून थोडे कमी केले आणि बॉक्स ठेवून घेतला.

काम अकरा आठवडे चाललं. गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा तिच्याच पोटात गेला. गाडी परत आली तेव्हा गिअरचा दांडा होता, तिसरं पेडल होतं, सगळं होतं. फक्त गाडीतल्या कॉम्प्युटरला कुणी कळवलं नव्हतं. काचेखालच्या पट्टीवर पार्किंगचा दिवा कायम लागलेला असायचा. नव्वदच्या वेगाने धावतानाही गाडी स्वतःला उभी समजायची. वस्ताद म्हणाला, दुसरा कॉम्प्युटर आणा, दिवा जाईल. भावोजी म्हणाले, राहू दे, त्यात एक गंमत आहे.

ताईनं दार उघडलं, खाली तीन पेडलं पाहिली आणि दार लावलं.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन बसगाड्या बदलून लॅबला जायला लागली. पावणेसहाला घर सोडायची. भावोजींनी मला विश्वासात घेऊन सांगितलं की बसनं जाण्यात तिला चांगला व्यायाम होतोय, गुडघ्याला बरंच आहे. मी तेव्हाही मान डोलावली. दाढेवर टोपी बसायची बाकी होती.

टपरीवर मात्र गाडीचं कौतुक होतं. प्रत्येकानं एकेक फेरी मारली. कप्तान गाडीतून उतरले आणि टपावर हात फिरवत म्हणाले, "अनमोल! डॉक्टर, या गाडीची किंमत होऊच शकत नाही."

हे शब्दशः खरं होतं, पण ते कळायला आणखी वर्ष जावं लागलं.

वर्षभरानं दवाखान्यातली खुर्ची बिघडली. पेशंटला आडवं करायची, पण परत उभं करायची नाही. एका वजनदार बाईंना उठवायला शेजारच्या चष्म्याच्या दुकानातून दोन माणसं बोलवावी लागली. नवी खुर्ची महाग होती. भावोजींनी घरात जाहीर केलं की गाडी विकतो, खुर्ची घेतो, वर जे उरेल त्यात ताईसाठी काहीतरी बघू. जाहिरात त्यांनी स्वतः लिहिली: "फक्त दर्दी माणसासाठी. हौशे-नवशे यांनी फोन करू नये." किंमत लावली अशा गाडीच्या बाजारभावाच्या दीडपट.

हौशा-नवशांनी सूचना तंतोतंत पाळली. दोन आठवड्यांत एक फोन आला, तो कवळी तुटलेल्या आजोबांचा.

शेवटी भावोजी मला घेऊन जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या भाव ठरवणाऱ्या माणसानं गाडीभोवती एक फेरी मारली. रंग पाहिला, टायर पाहिले, खूश झाला, वहीत एक आकडा लिहिला. भावोजींनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग त्यानं दार उघडलं आणि त्याचं पेन थांबलं. त्यानं एक छोटं यंत्र आणून गाडीला जोडलं, कागदपत्रं मागितली, दोन्ही पाहिली.

"कागदावर ऑटोमॅटिक आहे."

"होती," भावोजी म्हणाले.

"कॉम्प्युटरही ऑटोमॅटिकच म्हणतोय."

"त्याला समजावता येतं."

"आणि इथे दांडा आहे."

"तोच तर मुद्दा आहे!"

त्या माणसानं वहीतल्या आकड्यावर काट मारली, खाली दुसरा लिहिला आणि वही भावोजींसमोर धरली. "हा आकडा, गाडी कारखान्यातून आली तशी असती तर. हा आत्ताचा."

खालचा आकडा वरच्याच्या निम्म्याहून थोडासाच जास्त होता.

"आणि मी हिच्यावर जो खर्च केला तो?"

"तो धरलाय की," तो शांतपणे म्हणाला. "वजाबाकीत."

भावोजी बोलायला लागले. ताबा, रस्त्याची जाण, इंजिनाशी बोलणं, सगळं आलं. पण समोरच्याच्या तोंडात कापूस नव्हता.

"साहेब, माझं ऐका," तो म्हणाला. "ऑटोमॅटिक हवी असते त्याला हा दांडा नको. दांडा हवा असतो त्याला कारखान्यानं बसवलेला हवा, कुणाच्या हौसेनं बसवलेला नको. कागद जुळत नाहीत म्हणून बँक कर्ज देणार नाही. विमावाला अंगाला लावून घेणार नाही. मी ही कुणाला विकू? जुना गिअरबॉक्स आहे का? असेल तर परत बसवून घेऊ, वरच्या आकड्याच्या आसपास देतो."

आम्ही तिथून थेट वस्तादकडे.  वाटेत चौकात भावोजींनी गाडी दोनदा बंद पाडली.

"जुना बॉक्स?" वस्ताद म्हणाला. "तो गेला की आठ महिन्यांपूर्वी. हेच मॉडेल होतं एकाचं, निळ्या रंगाचं. त्याचा बॉक्स जळला होता."

"कुणाची गाडी?"

वस्तादनं हात पुसायला फडकं घेतलं आणि बराच वेळ हात पुसले. "गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसतो, डॉक्टर."

मग राहिले कप्तान. भावोजींनी फोन केला, "तुमच्याखेरीज हिचं मोल कुणाला कळणार?" कप्तान रविवारी आले, चालत. कोपऱ्यापलीकडे गाडी लावलीय म्हणाले, इथे जागा दिसली नाही. दारासमोर दोन गाड्या सहज मावतील एवढी जागा होती. त्यांनी भावोजींच्या गाडीतून फेरी मारली, उतरले, आणि खरोखर त्यांचे डोळे पाणावले होते.

"डॉक्टर, हिचा सौदा करणं म्हणजे हिचा अपमान आहे."

"मग तुम्हीच घ्या ना. तुम्हाला कमी करून देतो."

कप्तानांनी डोळे पुसले. पाणी लगेच आटलं. "घेतली असती हो. पण कंबर... आणि बायकोच्या माहेरचे लोक राहायला आलेत..." असं काहीबाही बोलत त्यांनी पाय काढता घेतला. भावोजी पाहुण्याला निरोप द्यायला नेहमी गाडीपर्यंत जातात. कप्तान "नको, नको" म्हणत राहिले, आम्ही दोघं बरोबर चालत राहिलो, आणि कोपरा वळलो.

निळी गाडी. तेच मॉडेल. खिडकीतून मी वाकून पाहिलं. खाली दोनच पेडलं.

कप्तान गोरेमोरे झाले आणि भडाभडा बोलायला लागले. "तात्पुरती हो! कंबरेमुळे. डॉक्टरनंच सांगितलं, म्हणजे हाडांच्या. जुनीच घेतली, बॉक्स जळलेला होता म्हणून मातीमोल मिळाली. आणि वस्तादकडे योगायोगानं एक बॉक्स पडलेला. एकदम झकास. कुण्या गाढवानं म्हणे चांगला चालता काढून..."

इथे ते थांबले. भावोजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरची जुनी जाहिरात वाचायला लागलो.

मला वाटलं, आता हातघाईवर येणार. पण भावोजींनी अगदी हळू आवाजात विचारलं, "कसा चालतोय?"

"लोण्यासारखा," कप्तान म्हणाले. खोटं बोलायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

गाडी शेवटी घेतली ती एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकिणीनं. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. तिनं दांडा पाच वेळा पुढे-मागे केला, क्लच दाबून पाहिला आणि म्हणाली, "मला पुढे विकायची नाही, मग भावाची फिकीर मी कशाला करू? आमच्याकडून गाडी भंगारातच जाते. दुकानवाल्यापेक्षा थोडे जास्त देते. पण आधी तो दिवा विझवा आणि कागद सरळ करून आणा. तुमच्या खर्चानं."

दिवा वस्तादनं दुसरा कॉम्प्युटर लावून विझवला. कागदासाठी भावोजींना वाहन कार्यालयात तीन चकरा माराव्या लागल्या. तिथल्या फॉर्मवर "बदलाचे कारण" असा एक रकाना होता. ज्या माणसानं अर्ध्या शहराच्या उघड्या तोंडांना हे कारण तासन्‌तास ऐकवलं, तो माणूस तो रकाना बघत उभा राहिला. मग त्यानं लिहिलं: आवड.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. "आवड चालत नाही. बिघाड किंवा अपघात, दोन्हीतलं एक लिहा."

भावोजींनी थोडा विचार करून "बिघाड" लिहिलं. कशात, ते विचारायची सोय त्या फॉर्मात नव्हती.

मिळालेल्या पैशांत निम्मी खुर्ची आली, उरलेली हप्त्यांवर. ताईसाठी बघायला काही उरलं नाही. ताईनं ते विचारलंही नाही. तिनं एका सकाळी लॅबमधून सुट्टी घेतली, आपल्या साठवलेल्या पैशांतून त्याच दुकानातून एक लहानशी, मोहरीच्या रंगाची जुनी ऑटोमॅटिक घेतली, आधी वस्तादला दाखवून. कागद फक्त तिच्या नावावर. रंग भयंकर आहे, पण कागद, कॉम्प्युटर आणि दांडा तिघंही एकच बोलतात.

टपरीवर भावोजींनी सांगितलं की गाडी त्यांनी शिक्षणकार्याला दिली. कप्तानांनीच सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

हल्ली ताई साडेसहाला निघते. भावोजींना तिच्या गाडीतून दवाखान्यात जायचं असेल तर त्यांनाही साडेसहालाच निघावं लागतं. दवाखाना उघडतो नऊला. तोवर ते आत एकटेच बसून नव्या खुर्चीची फडक्यानं धूळ झाडतात. गेल्या आठवड्यात भावोजींना टपरीवरल्या कुणाच्या तरी घरच्या लग्नाला जायचं होतं, मी त्यांच्या घरीच होतो. भावोजी भांग पाडून, बूट घालून दारात उभे राहिले आणि अगदी सहज म्हणाले, "अगं, किल्ली दे बरं. आज मी घेतो."

ताईनं पर्समध्ये हात घातला, किल्ली जागेवर आहे याची खात्री केली आणि पर्सची चेन लावली.

"कुठे जायचंय ते सांगा," ती म्हणाली, "मी सोडते."