साठातल्या एकोणीस

नर्सिंग कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे सिस्टरच म्हणत. बावीस वर्षं त्यांनी वॉर्डात काढली होती. एका बेशुद्ध पेशंटला कुशीवर वळवताना कंबरेत चमक भरली ती कायमची राहिली, आणि वॉर्ड सुटला. कॉलेजच्या प्राचार्यबाई जुन्या ओळखीतल्या. त्या म्हणाल्या, "उभं राहायचं काम नाही. बसून बोलायचं. तुझ्याइतकं गोड बोलणारं मला दुसरं कोण मिळणार?"

बोलणं गोड होतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते खरं वाटायचं. आईवडील मुलीला घेऊन यायचे, माहितीपत्रक उलटसुलट करायचे आणि शेवटी ते बाजूला ठेवून सिस्टरांच्या तोंडाकडे बघायचे.

"तुम्ही स्वतः नर्स होतात का?"

"बावीस वर्षं."

एवढ्यावर निम्मं काम व्हायचं. उरलेलं निम्मं पत्रकावरचा आकडा करायचा. वरच्या बाजूला ठळक अक्षरात छापलं होतं: शंभरातल्या ब्याण्णव विद्यार्थिनी नोकरीत. त्याखाली फी होती. वसतिगृह, गणवेश, हॉस्पिटलला नेणारी बस, परीक्षेचे अर्ज असा इतर खर्च मागच्या पानावर बारीक टाइपात होता आणि तो फीच्या निम्म्याहून जास्त भरायचा. मागचं पान सहसा कोणी उलटत नसे. सिस्टरही उलटून दाखवत नसत.

ब्याण्णवचा आकडा सिस्टरांनीच काढला होता. शेवटच्या तुकडीत साठ मुलींनी प्रवेश घेतला, त्यातल्या बावन्न शेवटपर्यंत टिकल्या. सिस्टरांनी बावन्न जणींना फोन लावले. अडतीस जणींनी उचलला. काम चालू आहे का, या प्रश्नाला पस्तीस जणी हो म्हणाल्या. ज्यांनी फोन उचलला नाही त्यांना प्राचार्यबाईंनी हिशेबातून वगळायला सांगितलं. "ज्यांचं आपल्याला माहीतच नाही, त्यांच्याबद्दल आपण कसं बोलणार?" हे ऐकायला बरोबर वाटलं. सिस्टरांनी भागाकार केला, आणि आकडा छापून आला तेव्हा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

त्या उन्हाळ्यात प्रवेश मंदावले होते. साठ जागांपैकी एकेचाळीस भरल्या होत्या. अशातच एका दुपारी कंबरदुखीला बरे पडतील असे बूट घ्यायला सिस्टर बाजारातल्या मोठ्या दुकानात गेल्या.

दुकानातली मुलगी बुटक्या स्टुलावर बसली, सिस्टरांचा पाय तिने मांडीवर घेतला आणि मोजपट्टी लावायच्या आधी घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. बोट काढल्यावर तिथे खळगा राहिला.

"सूज आहे, खड्डा पडतोय," ती म्हणाली. "इतक्यात बीपी बघितलंत का?" मग मान वर करून तिने चेहरा पाहिला. "सिस्टर, तुम्ही?"

ती टाचणी होती. बारीक आणि बुटकी म्हणून वर्गातल्या मुलींनी ठेवलेलं नाव. शरीररचनेच्या पेपरात ती पहिली आली होती. तिच्या बाबांचा मालवाहू टेम्पो होता. दुसऱ्या वर्षी वसतिगृहाचे पैसे भरायला त्यांनी तो विकला, हे सिस्टरांना माहीत होतं, कारण हप्त्याची मुदत वाढवून मागायला ते प्रवेशाच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते.

"तू इथे कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

"पण मी फोन केला तेव्हा नोकरी आहे म्हणालीस."

"आहे की." ती हसली. "तुम्ही विचारलंत, काम चालू आहे ना? मी म्हटलं, हो. तुम्ही लगेच शाब्बास म्हणालात. मग पुढचं सांगायची लाज वाटली."

सिस्टरांनी नोंदणीच्या परीक्षेचं विचारलं. ती पास झाल्याशिवाय नर्स म्हणून कुठेच उभं करत नाहीत.

"दोनदा दिली. लेखी निघते. प्रात्यक्षिकात हात थरथरतो. तीन वर्षांत खऱ्या माणसाला मी चारदा सुई टोचली, सिस्टर. हॉस्पिटलने सरावाचा तो एक वॉर्ड बंद केल्यापासून एका खाटेभोवती आम्ही अठरा जणी. माझी उंची ही अशी. मला पेशंटचे पाय तेवढे दिसायचे." बुटाची नाडी सैल करत ती म्हणाली, "म्हणून पायांचंच काम मिळालं बघा."

शेजारी बसलेलं गिऱ्हाईकही हसलं. सिस्टरांना हसता आलं नाही. वॉर्ड बंद झाल्याचं त्यांना माहीत होतं. एका खाटेभोवती किती मुली उभ्या राहतात, हेही कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. कोणी विचारलं नव्हतं.

बिलाच्या वेळी टाचणीने आपलं कार्ड पुढे केलं. "माझ्या नावावर घेते. आम्हाला सूट मिळते." सिस्टर नको नको म्हणत राहिल्या, पण जास्त ताणून धरलं तर तिला वाईट वाटेल म्हणून त्यांनी घेऊ दिलं. सूट मिळालेल्या बुटांची पिशवी घेऊन त्या घरी आल्या आणि नवऱ्याने कितीला पडले विचारलं तेव्हा बाथरूममध्ये गेल्या.

इथपर्यंत जे झालं ते नकळत झालं असं म्हणता आलं असतं. पण दोनच दिवसांनी एक आई आणि मुलगी प्रवेशासाठी आल्या. आई कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात इस्त्रीवर होती. मनगटावर भाजल्याचे जुने-नवे चट्टे होते. मुलीकडे वही होती आणि वहीत प्रश्न लिहिलेले होते. मागचं पान तिने घरीच वाचलेलं दिसलं, कारण बसच्या खर्चापासून तिने सुरुवात केली. सिस्टर उत्तरं देत गेल्या.

"हे ब्याण्णव," मुलगी म्हणाली, "हे नर्स म्हणून नोकरीत आहेत का?"

खोलीत चौथं कोणी नव्हतं. प्राचार्यबाई गावाला गेल्या होत्या. सिस्टरांनी काहीही सांगितलं असतं तरी कुणाच्या कानावर गेलं नसतं. त्यांच्या डोळ्यांपुढे बुटांचं दुकान आलं. त्या क्षणभर थांबल्या, समोरचे कागद सारखे केले.

"हो," त्या म्हणाल्या.

आईने सुटकेचा श्वास सोडला. "तुम्ही सांगताय म्हणजे झालं. नाहीतर पत्रकावर काय, कुणीही काहीही छापतं." तिने पहिला हप्ता त्याच दिवशी भरला. बेचाळिसावी जागा.

त्या रात्री जेवताना सिस्टरांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो निवृत्त बसड्रायव्हर, मोजकं बोलणारा.

"म्हणजे तू खोटं बोललीस," तो म्हणाला.

"आकडा चुकीचा होता."

"आकडा चुकीचा होता ते आधी. आज तू खोटं बोललीस." त्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "मी आपला विचारतोय. नीट समजावं म्हणून."

समजलं होतं दोघांनाही. वॉर्डात एकदा औषधाची मात्रा चुकली, तर त्यांनी डॉक्टरांना स्वतः जाऊन सांगितलं होतं. ती बाई आपल्यातून कधी उठून गेली, हे त्यांना कळेना.

पुढचे चार दिवस त्या दुपारी सामानाच्या खोलीत बसून बावन्न जणींना पुन्हा फोन लावत राहिल्या. जिथे नंबर बदलला होता तिथे आईला, मामाला, जुन्या मैत्रिणीला. या वेळी प्रश्न वेगळा होता: काय काम करतेस? काही मुली गोंधळल्या. एक म्हणाली, "सिस्टर, कॉलेजला कळवणार नाही ना?" पाच जणी सापडल्याच नाहीत. सापडलेल्या सत्तेचाळिसांपैकी नोंदणी होऊन नर्स झालेल्या एकोणीस. नऊ जणी दवाखान्यात मदतनीस, पगार झाडणाऱ्या बाईइतकाच. अकरा जणी दुकानात, कॉल सेंटरमध्ये, पॅकिंगला. आठ घरी.

यादीतला टाचणीचा फोन त्यांनी सगळ्यात शेवटी लावला. रविवारी येत जा, मी तुझा हात बसवून देते, असं त्या म्हणाल्या.

"आता नको, सिस्टर," ती समजुतीने म्हणाली. "मला इथे मजल्याची प्रमुख करतायत. आणि बाबा आता कुठे त्या विषयावर बोलायचे थांबलेत. परत सुरू झालं तर त्यांना आशा लागेल."

सिस्टरांनी कागद प्राचार्यबाईंच्या पुढे ठेवला. प्राचार्यबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"मला साधारण अंदाज होता," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. "हा आकडा छापला तर तीस जागाही भरणार नाहीत. शिकवणाऱ्यांचे पगार कुठून देऊ? दुसऱ्या हॉस्पिटलशी बोलणं चालू आहे. एक वर्ष दे मला."

"या एका वर्षाच्या मुलींचं काय?"

"तू तर असं बोलतेस, जसं काही मीच त्यांना टेबलावर बसून सांगितलं."

हे वर्मी लागलं. सिस्टर म्हणाल्या, "जुनं पत्रक घेऊन मी बसणार नाही. कुणी विचारलं तर एकोणीस सांगेन. नको असेल तर आत्ताच जाते."

प्राचार्यबाईंनी त्यांना घालवलं नाही, आणि खरा आकडाही छापला नाही. आठवड्याने नवीन पत्रक आलं. त्यात आकड्याची ओळच नव्हती. तिथे पांढऱ्या टोपीतल्या एका हसऱ्या मुलीचा फोटो होता.

त्याच्या आदल्या दिवशी सिस्टर कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात गेल्या होत्या. फोनवर सांगणं सोपं पडलं असतं, म्हणून फोन केला नाही. आत वाफेने श्वास कोंडत होता. हॉटेलांच्या पांढऱ्या चादरींचे ढीग, आणि ढिगांच्या पलीकडे वहीवाल्या मुलीची आई इस्त्री दाबत उभी. सिस्टरांनी चार वाक्यांत सांगितलं. आईने इस्त्री थांबवली नाही. चादरीची एक बाजू पूर्ण केली, घडी घातली, मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मुलीसमोर बोलाल?"

मुलगी सुट्टीपुरती तिथेच घड्या घालायला येत होती. आईने हाक मारली. सिस्टरांनी तिच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं, साठ आणि एकोणीस, खाट आणि अठरा जणी. तिने विचारलं तेव्हा आपल्याला हे ठाऊक होतं, हेही सांगितलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," मुलगी म्हणाली. "तुम्ही थांबला होतात."

"मग तू पैसे का भरू दिलेस?"

"आईला तुम्ही आवडला होतात."

आईने मान दुसरीकडे वळवली. सिस्टरांना वाटलं होतं की कुणीतरी बोलेल, चार शब्द सुनावेल. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. मुलीने वही काढली आणि पैसे परत मिळायची मुदत किती, अर्ज कुणाच्या नावाने, एवढंच विचारून लिहून घेतलं. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कॉलेजात प्रवेशाची मुदत तोवर संपली होती. सिस्टरांनी तिथल्या ओळखीच्या मेट्रनला फोन लावायची तयारी दाखवली. "नको," मुलगी म्हणाली. "पुढच्या वर्षी मीच भरते." म्हणजे तिचं एक वर्ष त्या चादरींत जाणार होतं.

अर्जाचे पैसे सोडून बाकी सगळे परत मिळाले. सिस्टरांनी अर्जाचे स्वतःच्या खिशातून पाठवले, तर आईने ते परत पाठवले.

खरा आकडा कानोकानी गेला, भरलेल्यांतल्याही काही जणींनी प्रवेश काढून घेतले, आणि त्या वर्षी सदतीसच जागा उरल्या. कंत्राटावरच्या दोन शिक्षिकांना पुढच्या सत्राला बोलावलं नाही. त्यातली एक, तान्ह्या बाळाची आई, कपाट रिकामं करताना टेबलापाशी थांबली. "तुमचं मन हलकं झालं असेल आता," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता गेली. सिस्टरांनी तिला सांगितलं असतं की तसं काही झालेलं नाही, पण ते तिला ऐकून तरी काय मिळालं असतं?

रविवारी सकाळी सरावाच्या खोलीत नापास झालेल्या मुलींना त्या शिकवू लागल्या. तिघी येतात. प्राचार्यबाई किल्ली देतात, स्वतः येत नाहीत.

प्रवेश बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी एक गृहस्थ एकटेच आले. कुलपं दुरुस्त करायचा धंदा, नखांत काळं तेल. मुलगी घरी अभ्यास करत होती. त्यांनी विचारायच्या आधीच सिस्टरांनी मागचं पान उलटून इतर खर्च दाखवला आणि साठातल्या एकोणीसही सांगितल्या. ते बराच वेळ आकडेमोड करत बसले. मग पत्रकाची नीट घडी घालून त्यांनी ते परत केलं.

"हे दुसऱ्याच्या उपयोगी पडेल," ते म्हणाले. "तुम्ही खरं सांगितलंत, फार बरं केलंत. असं कोण सांगतं हल्ली? तुमच्यासारखी माणसं पाहिजेत." दोन्ही हात जोडून त्यांनी मनापासून आभार मानले.

सिस्टरांनीही हात जोडले, पण त्यांच्याकडे बघता येईना. ते दारापर्यंत जाईतो त्या टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या, आणि दार लागल्यावर तशाच खाली मान घालून बसल्या.