पाकिटात नसलेला चौथा दोष

मी एक जुना लष्करी ट्रक आहे. मित्रांनो, माझी नोकरी ऐकून तुम्ही हसाल. मी आजारी पडायची नोकरी करतो!

तरुणपणी मी सैनिक वाहिले, पिठाची पोती वाहिली. एकदा पूर आला, तेव्हा अख्खा दवाखाना पाठीवर घेऊन मी नदी ओलांडली. तेव्हा सगळ्यांनी माझे बॉनेट थोपटले होते. पुढे नवे ट्रक आले आणि मी शेडमागे धूळ खात पडलो.

मग वर्कशॉपच्या मुख्य मेकॅनिकना, सगळ्यांच्या उस्तादांना, माझी आठवण झाली. गाड्यांची दुखणी शोधणारी यंत्रे घेण्याआधी पारखायची होती. उस्ताद माझ्यात मुद्दाम तीन बारीक दोष करून ठेवत आणि त्यांची यादी पाकिटात बंद करत. यंत्राने ते ओळखायचे. भलीभली यंत्रे नापास झाली.

एके सकाळी एक बाई जेवणाच्या डब्याएवढे यंत्र घेऊन आल्या. त्यांनी त्याच्या वायरींचे चिमटे माझ्या अंगाला लावले. यंत्राने तिन्ही दोष बरोबर सांगितले आणि मग पडद्यावर चौथी ओळ उमटली: मागच्या ब्रेकची हवा गळते आहे.

उस्तादांनी पाकीट फोडले. "चौथा दोष मी केलेलाच नाही. उगाच बोंब मारतंय हे. नापास!"

मी मात्र थक्क झालो. ते खरे होते! महिनाभर मी एकटाच ते सोसत होतो, आणि या एवढ्याशा डब्याला ते ऐकू आले. पण मला सांगता कुठे येते? चाचणी संपताच मला डोंगर उतरून खालच्या डेपोत जायचे होते. उस्तादांचा जावई स्टिअरिंगवर बसलाही होता.

"नापास करा, उस्ताद," बाई म्हणाल्या, "पण एकदा खाली वाकून तर बघा."

"तीस वर्षं झाली, बाई. याची नस न् नस मला ठाऊक आहे."

तरी कुरकुरत ते माझ्याखाली सरपटले. बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आले तेव्हा हातात ब्रेकची नळी होती, घासून घासून एका जागी कागदाइतकी पातळ झालेली.

"जावईबापू, खाली उतरा आधी," ते म्हणाले.

मग त्यांनी कागदावरचे 'नापास' खोडले आणि खाली लिहिले: 'चौथा दोष माझ्या नजरेतून सुटला.' त्याखाली सही केली. त्या यंत्राचे मला नवल वाटलेच, पण त्या सहीचे त्याहून जास्त वाटले.

मित्रांनो, आता नवी नळी घालून मी डोंगर उतरतो आहे आणि जावईबापू शीळ घालत आहेत. मुक्या गाडीचे दुखणे तुमच्या यादीत नसेल, तर ते खोटे म्हणू नका. एकदा खाली वाकून बघा.