तीन आठवडे मागे राहिलेलं डोकं

प्रत्येक बाई मला पहिल्यांदा भेटते तेव्हा दचकते आणि म्हणते, "अय्यो, किती गार." इतक्या वर्षांत माझी ओळख एवढीच झाली. मी सोनोग्राफीच्या यंत्राचा प्रोब. मुठीत मावेल एवढा, वायरीने यंत्राला बांधलेला. पोटावर जेल लावून मला फिरवतात. मी आवाज सोडतो, तो आत जाऊन आपटतो, परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. चित्र वाचणारा डॉक्टर असतो. आतल्या बाळाच्या सगळ्यात जवळ मात्र मी असतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे कुणी कुणाशी बोलत नसे. पांढरे मोजे घातलेल्या हातांनी माझ्या तोंडाशी स्फटिकांच्या बारीक ओळी बसवल्या आणि मला खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते तेलंगणात, करीमनगरच्या पुढे, गोदावरीकाठच्या आमच्या या दवाखान्यात. इथे सगळेच बोलतात.

पहिली कित्येक वर्षं मी माधव राव सारांच्या हातात होतो. माणूस भला. गरीब बाईला ओरडायचे नाहीत, पडदा ओढून घ्यायला विसरायचे नाहीत. पण जेवायच्या सुट्टीपर्यंत चाळीस-पन्नास पोटं तपासायची म्हणजे एकीच्या वाट्याला पाच-सहा मिनिटं. मी त्यांच्याविषयी जे सांगणार आहे ते ही घाई लक्षात ठेवून ऐका.

रजिता आली तो एप्रिल होता. विशीतली पोर, विड्या वळून बोटांची टोकं पिवळी झालेली. नवरा तिरुपती दुबईत बांधकामावर. सोबत सासू कोमुरव्वा. ती आल्या आल्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट करून म्हणाली, "मुलगा-मुलगी सांगू नका सार, वाचून घेतलीय मी पाटी. नाक कुणाचं तेवढं सांगा. आमच्या तिरुपतीचं असलं तर बाळाचं लग्न जमवायला त्रास पडेल."

रजिता पदरात तोंड लपवून हसली. त्या खोलीत ती हसलेली मी पाहिली, ती तेवढीच.

एस्तेर सिस्टर अर्ज भरत होत्या. "शेवटची पाळी कधी?"

"सद्दुल बतुकम्माच्या दिवशी, दसऱ्याच्या तोंडावर."

"तारीख सांग ना, अम्मा."

"कॅलेंडर तुमच्या मागंच आहे सिस्टर, तुम्हीच काढा. लग्नानंतरची पहिली बतुकम्मा माझी. सणाला माहेरी गेले होते. शेवटच्या दिवशी सगळी गल्ली तरवडाची फुलं रचत होती, आणि मी मागच्या पडवीत वेगळी बसले होते. फुलाला हात लावायचा नाही, गाण्यात यायचं नाही. तो दिवस मी विसरेन का?"

सिस्टरनी कॅलेंडर उलटलं आणि अर्जावर, कार्डावर तारीख लिहिली. सत्तावीस आठवडे.

मग सारांनी मला तिच्या पोटावर टेकवलं. मांडीचं हाड मोजलं, ते सत्तावीस आठवड्यांचं निघालं. डोकं मोजलं, ते जेमतेम चोवीस आठवड्यांचं. एकाच बाळाचे पाय वेळेवर आणि डोकं तीन आठवडे मागे.

हे असं का होतं ते मला दिसत होतं. पोटातल्या बाळाला आईकडून जे ताजं रक्त मिळतं, त्यातला सगळ्यात चांगला भाग हृदय आधी मेंदूकडे पाठवतं. या बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांची जागाच अदलाबदल झाली होती. चांगलं रक्त पायांकडे जात होतं आणि वापरून झालेलं डोक्याकडे. हृदयाचे चार कप्पे अगदी नीट उघडत-मिटत होते. मला बोटभर वर कलवलं असतं तर त्या नळ्या पडद्यावर आल्या असत्या. सारांनी कप्पे पाहिले, खूण केली आणि मला उचललं.

"पाळीची तारीख चुकलीय तुझी," ते म्हणाले. "सातवा नाही, सहावा चालू आहे. डोक्याचं माप सहसा फसवत नाही."

"सार, मी मोजलंय."

"सगळ्याच मोजतात, अम्मा." त्यांनी कार्डावरची तारीख खोडून तीन आठवडे पुढची लिहिली. "पुढच्या महिन्यात परत या."

कोमुरव्वा बोटांवर काहीतरी मोजत होती. दसऱ्यानंतर तिरुपतीने बायकोला माहेराहून आणलं होतं आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तो विमानात बसला होता. नव्या तारखेने हिशेब केला तर बाळ राहिलं तेव्हा तो दुबईत होता.

तिने दोनदा मोजलं. मग पिशवी उचलली आणि सुनेसाठी न थांबता बाहेर गेली.

पुढच्या महिन्यात रजिता आली नाही. तिच्या गल्लीतली एक बाई टेबलावर पडल्या पडल्या सिस्टरना सांगत होती, "सासूनं दुबईला फोन लावला. आता तो हिचा फोन उचलत नाही. आली होती इकडं यायचं म्हणून बसस्टँडपर्यंत, तर म्हातारी चारचौघांत म्हणाली, जा, कुणाचं आहे तेही विचारून ये. परत फिरली ती. माहेरी गेलीय."

जुलैत, एका दुपारी, माहेरच्यांनी तिला कळा सुरू झाल्यावरच आणलं. मुलगी झाली. रडली, पण ओठ निळसर होते. कार्डावरच्या तारखेप्रमाणे ती महिनाभर आधी आलेली. "अपुऱ्या दिवसांचं बाळ, फुप्फुसं कच्ची आहेत," असं ठरलं आणि तिला उबेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन लावला. दीड दिवस. ऑक्सिजन वाढवत राहिले आणि ती निळीची जांभळी होत राहिली.

शेवटी एस्तेर सिस्टर सारांना म्हणाल्या, "सार, हिची नखं बघा. बोटांच्या पुढं आलीयत. तळव्यावर रेघा आहेत. हे कच्चं बाळ नाही."

सारांनी पेटीशी वाकून नखं पाहिली. नव्यानेच रुजू झालेल्या हरिणी मॅडमनी यंत्र ढकलत पेटीशी नेलं आणि मला बाळाच्या छातीवर धरलं. या वेळी मला कलवलं. दोन नळ्या एकमेकींना ओलांडायच्या सोडून शेजारी शेजारी वर जात होत्या. मग त्यांनी मला टाळूवर टेकवलं. भरल्या दिवसांच्या मेंदूवर दाट वळ्या असतात, नांगरलेल्या रानासारख्या. इथे मोजक्या आणि उथळ चरे होते. मधे बरंचसं सपाट.

मॅडम रजिताच्या खाटेशी गेल्या. "तुझी तारीख बरोबर होती. बाळाच्या हृदयात दोष आहे, म्हणून डोकं मागे राहिलं. हैदराबादला न्यावं लागेल, आत्ता."

रजिताने पहिल्यांदा काय म्हणावं? "मग ते कार्डावर लिहा मॅडम. फोटो काढून त्यांना पाठवायचाय."

कार्ड माधव राव सारांनी स्वतः मागून घेतलं. आपली तारीख खोडली, तिची लिहिली आणि खाली सही केली.

नात झाल्याचं ऐकून आलेली कोमुरव्वा दाराशी उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नाही आणि कुणी घालवलंही नाही. रुग्णवाहिका निघाली तेव्हा ती धावत जाऊन मागे बसली.

मुलीचं ऑपरेशन झालं. ती जगली. तिचं नाव सहस्रा. आज तीन वर्षांची आहे. मान अलीकडेच धरायला लागली आहे, बोलत नाही, आजीच्या हातून पातळ भात गिळते. जन्माआधीच किती उणं पडलं होतं आणि त्या दीड दिवसात किती गेलं, हे हैदराबादच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. वेळेवर कळलं असतं तर ती त्या मोठ्या दवाखान्यातच जन्मली असती, एवढंच ते म्हणाले.

तिरुपती परत आला. त्या महिन्यांविषयी घरात कुणी बोलत नाही, असं सिस्टर सांगतात.

माझंही आता भरत आलं आहे. माझे काही स्फटिक मेले आहेत, चित्रात काळ्या पट्ट्या येतात. नवं यंत्र खोक्यासकट व्हरांड्यात येऊन पडलंय. उद्या मला सामानाच्या खोलीत ठेवतील.

आज शेवटच्या दिवशी रजिता आली आहे. तिसरा महिना. कोमुरव्वा बाकावर सहस्राला मांडीवर घेऊन बसली आहे, तिचं डोकं आपल्या तळव्यावर तोलून. मॅडमनी जेल लावलं, मला हातात घेतलं आणि विचारलं, "शेवटची पाळी कधी, रजिता?"

"तुमचं यंत्र सांगेल ना," रजिता छताकडे बघत म्हणाली. "मला काय कळतं."

मॅडमनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "तू सांगितल्याशिवाय मी हे टेकवणार नाही. कितीही वेळ लागू दे."

बाहेर रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आज जेवायला सोडणार का नाही?" मॅडम हलल्या नाहीत.

व्हरांड्यातल्या खोक्यात जो बसला आहे, तो माझ्यापेक्षा स्पष्ट बघेल. पण त्यालाही फक्त मापं कळतील. बाई कुठल्या सणाला वेगळी बसली होती, नवरा कधी गेला, हे त्याला कुठून दिसणार? म्हणून त्याला जे हातात धरतील त्यांना माझं एवढंच मागणं आहे. पोटावर टेकवण्याआधी तिला विचारा. तिचं उत्तर आणि तुमचं माप जुळलं नाही, तर खोडायची घाई करू नका. आणखी एकदा बघा. त्याला बोटभर कलवा.

आणि ती गप्प राहिली, तर थांबा. रजिता अजून गप्प आहे. तिच्या पोटावरचं जेल वाळत चाललंय, आणि मी मॅडमच्या मुठीत, गार, वाट बघतोय.