मोगऱ्याच्या दोन टोपल्या

पुंजाला घर पाडायचं होतं आणि सगुणाबाईला ते पाडू द्यायचं नव्हतं. ही एवढी बाब सोडली तर नवरा-बायकोचं एकमेकांशी छान जमायचं.

घर मखमलाबादच्या शिवारात, मोगऱ्याच्या वाफ्यांना लागून. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, मधोमध माजघर, त्यावर लाकडी माळा आणि माळ्यावर मातीचा थर. मूळचं छप्पर कौलारू होतं. ब्याण्णव साली पुंजाला एकदा सुधारणेची हुक्की आली आणि त्यानं कौलं उतरवून पत्रे टाकले. तेव्हापासून ओसरीवर उन्हाळ्यात कुणी टेकत नसे, पण पुंजा त्याला ऊन जबाबदार धरायचा, पत्र्याला नाही.

आता दोन हजार सहा उजाडलं होतं आणि त्याला नवी हुक्की आली होती. बांधापलीकडे धाकट्या भावानं, देवरामनं, स्लॅबचा बंगला बांधला होता. निळ्या काचा, गुळगुळीत फरशी, दारात दोन सिमेंटचे सिंह. सोयरिकीचे पाहुणे आता आधी तिकडे चपला काढायचे, आणि थोरल्या भावाकडे फक्त पाणी प्यायला यायचे. हे पुंजाच्या जिव्हारी लागलं होतं. अक्षय्य तृतीया झाली की घर पाडायचं, असं त्यानं परस्पर ठेकेदाराला सांगूनही टाकलं.

सगुणाबाईचा त्या घरावर जीव होता. नवी नवरी म्हणून ती आली तेव्हापासून दरसाल त्या भिंती तिनंच सारवल्या होत्या. पण ती नुसती रडत बसणारी नव्हती. नाशिकच्या कृषी प्रदर्शनात तिनं उन्हावर पाणी तापवणारा बंब पाहिला होता आणि विकणाऱ्याला प्रश्न विचारून विचारून त्याच्या नाकी नऊ आणले होते. घरी येऊन तिनं सगळा बेत ठरवला. पत्रे काढून पुन्हा कौलं चढवायची, गरम हवा निघून जायला आढ्याखाली झरोके ठेवायचे, छपरावर तो बंब बसवायचा, गोठ्यामागं गोबरगॅस करायचा, पन्हळीचं पाणी विहिरीत सोडायचं. पुंजानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की यात पाहुण्यांना दिसण्यासारखं काहीच नाही.

देवरामही भावाच्या बाजूनं होता. स्लॅबसारखं सुख नाही, असं तो चारचौघांत सांगायचा आणि सांगताना कपाळाचा घाम पुसायचा. खरी गोष्ट अशी की बंगल्यात तो एकटाच भाजून निघत होता आणि त्याला भावाची सोबत हवी होती.

माणसांचं पुंजा ऐकत नसे, पण मोगऱ्याचं ऐकायचा. हे सगुणाबाईला पक्कं माहीत होतं. मोगऱ्याची कळी पहाटे खुडतात. ती संध्याकाळपर्यंत मिटलेली राहिली तर गजरेवाले ती डोळे झाकून विकत घेतात, आणि उकाड्यानं दुपारीच उमलली तर तिला कुणी विचारत नाही. म्हणून तिनं पैज लावली. एकाच वाफ्यातल्या कळ्यांच्या दोन टोपल्या करायच्या. एक तिच्या माजघरात, एक देवरामच्या बंगल्यात. दोन्हींवर सारखंच ओलं फडकं. संध्याकाळी भिकन गजरेवाला माल न्यायला येईल तो निवाडा करील. बंगल्यातल्या कळ्या टिकल्या तर ती घर पाडायला स्वतः पहिली कुदळ मारणार, आणि नाही टिकल्या तर तिच्या बेताप्रमाणं दुरुस्ती.

पुंजा लगेच कबूल झाला. बंगल्यातल्या टोपलीची राखण आपण करतो म्हणाला. सगुणाबाईनं मात्र तिथं हट्ट धरला. राखणीला देवरामच हवा, म्हणाली, तुम्ही हवं तर दोन्हीकडे फिरत राहा. पुंजाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या दिवशी सकाळी दोघा भावांनी काय केलं असेल? टोपली बंगल्यात नेली, दार लावलं आणि फ्रिजमधले कप्पे काढून ती सरळ आत ढकलली. कुसाबाई, म्हणजे देवरामची बायको, दुधाचं पातेलं हातात धरून बघत राहिली. पुंजा मिशीवर ताव देत बाहेर आला. अकराला लाईट गेली.

त्या उन्हाळ्यात भारनियमन रोजचंच होतं, पण फ्रिजच्या आनंदात दोघांनाही त्याचा विसर पडला होता. गेलेली लाईट चारशिवाय यायची नाही. तरी बंद फ्रिजनं थोडा वेळ तग धरला असता, पण देवरामला धीर कुठला? कळ्या थंड राहिल्यात का ते बघायला तो घडीघडी दार उघडायचा आणि उरलासुरला गारवा बाहेर सोडायचा. दुपार चढली तशी वरची स्लॅब तव्यासारखी तापली. निळ्या काचा उघडाव्यात तर झळा, लावाव्यात तर कोंडमारा.

इकडे सगुणाबाईनं माजघर शिंपून घेतलं, माठातल्या पाण्यात कैरीचं पन्हं केलं आणि पितळी गडवा दारात दिसेल असा ठेवला. पहिली आली कुसाबाई. विरजण मागायला आली होती, पन्हं प्यायली आणि विरजण तसंच ठेवून भिंतीला पाठ लावून झोपली. मग पुंजा आला. तू काही लबाडी तर करत नाहीस ना, ते बघायला आलो म्हणाला. कोपऱ्यातली टोपली त्यानं तपासली, लबाडी सापडेना, म्हणून वाट बघत जरा आडवा झाला आणि घोरू लागला.

उन्हं कलायच्या आधी दारात सावली पडली. देवराम उभा होता. अंगातलं बनियन भिजलेलं, डोक्यावर टोपली.

"वहिनी, जरा सरक. माल उतरू दे आधी."

सगुणाबाई बाजूला सरकली. त्यानं गार जमिनीवर ओलं फडकं अंथरलं, त्यावर कळ्या अलगद पसरल्या, फुटू लागलेल्या वेचून बाजूला काढल्या. सगळं आवरल्यावर, आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"फुटाया लागल्या व्हत्या," तो खाली बघत म्हणाला. "डोळ्यादेखत कशा सोडू? पाय हिकडंच वळले."

तिनं त्याच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. तिला हसू येत होतं आणि त्याच्याकडे बघून भरूनही येत होतं. पेला रिकामा करून तोही भावाशेजारी लवंडला.

भिकन आला तेव्हा माजघरात दोन टोपल्यांचा माल आणि तीन माणसं ओळीनं पडली होती. त्यानं दोन्हीकडच्या कळ्या दाबून पाहिल्या, कोपऱ्यातल्या पसंत केल्या आणि या दुसऱ्या कुठं तापवल्यात, असं विचारलं. त्या आवाजानं पुंजा जागा झाला. त्यानं फडक्यावरच्या कळ्या पाहिल्या, शेजारी झोपलेला भाऊ पाहिला, आणि त्याला हलवून उठवलं.

"देवराम, ही टोपली हितं कशी?"

"माल खराब व्हत व्हता, दादा."

फुलं पिकवणाऱ्याचंच उत्तर होतं ते. देवरामच्या जागी असता तर पुंजानंही तेच केलं असतं, आणि ते त्याला कळत होतं. त्यानं भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग घर पाडायचं नाही, असा ठेकेदाराला निरोप धाडतो म्हणाला.

पावसाआधी कौलं चढली, झरोके झाले, बंब बसला. पुढच्या उन्हाळ्यात पुंजा पाहुण्यांना छपराखाली उभं करून आढ्याखालचे झरोके दाखवायचा आणि ही सारी कल्पना आपलीच, असं बेधडक सांगायचा. पाहुण्यांच्या चपला आता त्याच्या ओसरीखाली दिसायच्या. सगुणाबाईनं त्यात कधी तोंड घातलं नाही. देवरामनंही गुपचूप स्लॅबवर चुना मारून घेतला आणि दुपारची झोप मात्र भावाकडेच चालू ठेवली.

एकदा मोगरा खुडताना कुसाबाईनं विचारलं, "जाऊबाई, लाईट जायचा टाईम धरूनच पैज लावली व्हती ना तुम्ही?"

"लाईटीचा टाईम तर साऱ्या गावाला ठाऊक," सगुणाबाई म्हणाली. "मी लग्न होऊन आले तवा देवराम माझ्या कमरेएवढा व्हता. कळी कशी धरायची, सावलीला कशी ठेवायची, ते म्याच शिकवलं त्याला. मला देवराम ठाऊक व्हता."