तांबारलेली नळी

सकाळी मिस्त्रीनं रायफलवरचं फडकं उचललं आणि तो मटकन स्टुलावर बसला. काल काळीभोर दिसणाऱ्या नळीवर आज पुन्हा तांबूस पट्टा उमटला होता.

"आला का पाहुणा?" दारातून बायकोनं विचारलं.

"पाहुणा कसला, घरजावई झालाय मेला."

रायफल मेव्हण्यांची. ते गेल्यावर ताईनं परवाना आपल्या नावावर करून घेतला आणि रायफल जपून कातडी पिशवीत ठेवली. कातड्यानं ओल धरली आणि नळीला गंजानं खाल्लं. "तुझ्याशिवाय कुणाच्या हाती देणार नाही," म्हणत तिनं ती धाकट्या भावापुढं ठेवली होती. आज ती न्यायला येणार होती.

जुना गंज घासून काढायचा, मग औषध लावून मुद्दाम नवा, पिठासारखा गंज चढवायचा. नळी उकळत्या पाण्यात सोडली की तो तांबडा थर काळा पडतो. वरची भुकटी तारेच्या मऊ ब्रशनं झाडायची, पुन्हा औषध, पुन्हा उकळी. गंजालाच गंजाच्या राखणीला बसवायचं, ही मिस्त्रीची हयातभराची विद्या. पण डाग आला की सगळं घासून पहिल्यापासून. दरवेळी नळीवरचा कोरीव नंबर पुसट होत गेला होता. आता पॉलिश पेपर फिरला की नंबर जाणार, आणि बिननंबरी रायफल सरकार ताईकडून काढून घेऊन भट्टीत घालणार.

पाणी बदललं, ब्रश बदलला, औषधाची नवी बाटली फोडली. कशाचा गुण येईना.

"देवा, दुखण्यातून उठवलंस ते हे दाखवायला?" तो पुटपुटला.

बायकोनं नळी उजेडाकडं वळवली. "अहो, पट्टा जिथं संपतो तिथं बघा. बारीक गोल रेघा आहेत. हा अंगठा आहे."

"मी हातमोजे घालून काम करतो."

"काम मोजे घालून करता. आणि झाल्यावर?"

मिस्त्रीनं आपला अंगठा उजेडात धरला. काम पुरं झालं की, तेल लावण्याआधी, तो मोजा काढून नळीवरून अंगठा फिरवी आणि तोच कपाळाला लावी. गुरूनं घालून दिलेला नमस्कार. इतक्या वर्षांत कधी बाधला नव्हता.

"आजारातून उठल्यापासून तुमच्या हातांना आंबट घाम सुटतोय," ती हळूच म्हणाली. "कात्री, किल्ल्या, कडी, तुम्ही धरलेलं सगळं तांबारलंय. मला वाटलं, हवा दमट आहे."

"म्हणजे पाया पडलो, तेच नडलं."

"मनातून केलेला नमस्कारही पोचतो हो देवाला."

"मला ठाऊक आहे गं. या हाताला कोण सांगणार?" त्याचे डोळे भरून आले. देवानं दिलेला हात होता, त्याला शिव्या तरी कशा द्यायच्या!

घासायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं. मोजे चढवून नळी तशीच उकळत्या पाण्यात सोडली. तांबडा पट्टा काळा पडला, बराचसा मिसळला. अंगठा तेवढा लोखंडात रुतून बसला होता, तो जास्तच ठसठशीत झाला. तेलाचा हात बायकोनं फिरवला. मिस्त्री लांब उभा राहून "इथं राहिलं, तिथं राहिलं" करत होता.

संध्याकाळी ताई आली. चष्मा सरसावून तिनं नंबर एकेक आकडा करत वाचला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"आणि हा अंगठा कुणाचा, बाळ्या?"

"माझा."

"सही ठोकलीस होय! असू दे. हे असते तर म्हणाले असते, मेहुण्यानं शेवटी आमच्या वस्तूवर हक्क सांगितलाच." ती हसली, मग पदरानं डोळे टिपले. नवी कापडी पिशवी उघडत तिनं रायफल भावापुढं केली. "धर जरा."

मिस्त्रीचे हात सवयीनं पुढं आले आणि अर्ध्यातून मागं गेले.

"अरे धर ना, जड आहे."

"हिच्याकडं दे, ताई," तो म्हणाला. मग तो बायकोकडं वळला. "आणि दुकानात दोन नळ्या पडल्यात लोकांच्या. त्यांना निरोप धाड, दुसरा मिस्त्री बघा म्हणावं."

ताईला काही कळेना. ती रायफल तशीच पुढं धरून उभी राहिली, आणि तो पाठीमागं एका हातानं दुसरा हात घट्ट धरून.