सदऱ्याखालचं चिलखत

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी चिलखत आहे. गंजून माझ्या कड्या आता एकमेकींना चिकटल्या आहेत. मी एका माणसाला सतरा वेळा वाचवलं, आणि तो मेला तेव्हाही मी त्याच्या अंगावरच होतो. ते सांगितल्यावाचून मला गत नाही.

यॉफ्रिड नावाच्या विधवेनं मला घडवून घेतलं. शेजारच्या खोऱ्याशी चाललेल्या वैरात तिचा नवरा गेला, थोरला मुलगा गेला. उरले मधला मुलगा ऑल्विर आणि धाकटी मुलगी हाल्वेग. ऑल्विरसाठी सदऱ्याखाली कळणार नाही इतकं बारीक चिलखत हवं, असं यॉफ्रिडनं स्काप्ती लोहाराला सांगितलं. त्यानं दलदलीतलं लोखंड गाळलं, हिवाळाभर कड्या वळल्या आणि एकेक कडी चिमुकल्या खिळ्यानं पक्की केली. डाव्या काखेशी मात्र चांगलं लोखंड संपलं. तिथल्या कड्या त्यानं नुसत्या चिमट्यानं दाबून मिटवल्या.

“काखेत कोण भाला मारतंय, बाई?” तो म्हणाला. यॉफ्रिडला ते पटलं.

पुढल्याच वसंतात किनाऱ्याला एक मेलेला देवमासा लागला आणि तो कुणाचा यावरून मारामारी जुंपली. एक भाला सरळ ऑल्विरच्या छातीवर आला, माझ्यावर आपटला आणि वाळूत पडला. सदरा फाटला, पण रक्ताचा थेंब नाही. मारणाऱ्यानं ते पाहिलं आणि पळ काढला.

आमच्याकडे देवांचा राजा ओडिन, त्याच्या देखण्या मुलाची गोष्ट सांगतात. त्याला कशानंही इजा होऊ नये म्हणून त्याच्या आईनं दगड, लोखंड, आग, आजार, साऱ्यांकडून शपथ घेतली. मग देव गंमत म्हणून त्याच्यावर शस्त्रं फेकत आणि तो हसत उभा राही. ऑल्विरच्या आईनंही तशीच शपथ घेतली असणार, असं लोक बोलू लागले. एका कोवळ्या बांडगुळाला विचारायचं राहिलं आणि त्याच्याच डहाळीनं तो देव मेला, हा शेवटही सगळ्यांना पाठ होता. पण ऑल्विरकडे पाहताना तो कुणाला आठवला नाही.

ऑल्विरनं खरं सांगितलं नाही. यॉफ्रिडनंही त्याला गप्प राहायला बजावलं. लोक घाबरतील तेवढे वार कमी होतील, असा तिचा हिशेब. हाल्वेगलासुद्धा तिनं कळू दिलं नाही. आणि मी? मला वाचा नव्हती. पण त्याचं कौतुक ऐकून मी मनातून फुलत होतो. ते माझंच कौतुक होतं ना!

दर महिन्याला यॉफ्रिड मला वाळूच्या पिंपात घोळवून घासायची आणि सील या समुद्री प्राण्याची चरबी चोळायची. पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. काखेतला गंज तिला दिसेना. एकदा तिथल्या तीन कड्या उघडून पिंपातच राहिल्या. ऑल्विरनं तर मला कधी उलटून पाहिलंच नाही. आपल्याला खरोखरच काही होत नाही, असं त्यालाही वाटू लागलं होतं.

मग हाल्वेगचं लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी भर दुपारी पाहुण्यांनी गवतावर ऑल्विरला उभं केलं आणि खेळ सुरू झाला. कुणी दगड मारले, कुणी हातकुऱ्हाड फेकली. तो हसत होता. प्रत्येक घावाबरोबर सदऱ्याखाली त्याचं अंग काळंनिळं पडत होतं, ते मला कळत होतं.

नवऱ्याकडची मंडळी हाल्वेगला चिडवू लागली, की भावावर साधा नेम धरायलाही भिणारी नवरी आम्हाला नको. तिनं नको नको म्हणत सील मारायचा बारीक भाला उचलला.

“मार गं,” ऑल्विर म्हणाला. “तुझ्यानं माशीसुद्धा मरत नाही.”

आणि पाहुण्यांना दाखवायला म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले. तिनं फेकलेला भाला डाव्या काखेत शिरला. तिथं मी नव्हतोच.

ऑल्विर तिथंच गेला. सदरा कापल्यावर मी सगळ्यांना दिसलो.

तिसऱ्या दिवशी पंच बसले. भावाला मारणाऱ्या बहिणीला मुलखाबाहेर घालवा, असं बरेच जण म्हणाले. तेव्हा यॉफ्रिड चाचपडत पुढे आली. तिनं मला गवतावर पसरलं आणि ते भोक शोधून त्यात आपली तीन बोटं घातली.

“हे माझं आहे,” ती म्हणाली. “मी झाकलं. मुलीला काय ठाऊक? घालवायचं तर मला घालवा.”

पंचांनी हाल्वेगला सोडलं, यॉफ्रिडलाही घालवलं नाही. घरी आल्यावर ती आईला एवढंच म्हणाली, “आई, मला सांगितलं असतंस तर मी हात उचलला असता का गं?” यॉफ्रिड माझ्या भोकाच्या कडा चाचपत राहिली. त्या काखेपाशी मी उघडा आहे, हे मला ठाऊक होतं. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा मला ते आठवायचंही नव्हतं.

नवऱ्यानं लग्न मोडलं नाही. हाल्वेग सासरी गेली तेव्हा मला सोबत घेऊन गेली. तिच्या घरच्या खुंटीवर मी आहे. मला कुणी घासत नाही, आणि ते बरंच आहे.

परवा तिची मुलगी घोड्यावरून पडली. उठून हसली आणि म्हणाली, “मला काही लागलं नाही.” हाल्वेगनं हातातलं दुधाचं भांडं खाली ठेवलं, मुलीला मांडीवर घेतलं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत हळूहळू चाचपून पाहिलं. कोपरावर हात गेला तेव्हा मुलगी रडली.

मित्रांनो, तुमच्यातही असं कुणी हसणारं असेल. त्याच्यावर काही फेकू नका. त्याच्याजवळ बसा, आणि त्याचं हसू थांबेपर्यंत थांबा.